समजून घ्या : वीज गेली म्हणून लावलेला जनरेटर जिवावर का बेततो? तो कुठे ठेवावा, कसा जोडावा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली परिसरात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावांत वीज परतायला काही आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने कोकणाला पुन्हा अंधारात ढकलले. अशा वेळी विहिरीवरचा पंप, फ्रीज आणि मोबाइल चालू ठेवायला उचलून नेता येणारा छोटा पेट्रोल जनरेटर मोठा आधार ठरतो. मात्र पाऊस लागतो म्हणून तो पडवीत घेणे आणि सोपे पडते म्हणून थेट सॉकेटला जोडणे, या दोन चुका जीव घेऊ शकतात.

सर्वात मोठा धोका कोणता?

शॉक आणि आगीची भीती सगळ्यांनाच असते. पण जनरेटरचा खरा धोका दिसत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराचा ऑक्सिजन तुटतो. बंद बाथरूममधील गॅस गिझरमुळे होणाऱ्या मृत्यूंमागे बहुतेकदा हाच वायू असतो.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानुसार, एक पोर्टेबल जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड बाहेर टाकू शकतो. पोर्टेबल जनरेटरमधील या वायूमुळे तिथे दरवर्षी सुमारे १०० जणांचा बळी जातो. झोपलेल्या माणसाला तर काही जाणवण्याआधीच बेशुद्धी येऊ शकते.

खिडक्या उघड्या ठेवल्या तर चालेल का?

नाही. खिडकी उघडून किंवा पंखा लावून हा वायू पुरेसा कमी होत नाही. पडवी, जिन्याखालची जागा, गोठा, बाल्कनी, पार्किंग, डक्ट या सगळ्या जागा धोक्याच्याच. ‘सायलेंट’ जनरेटरमध्ये आवाज कमी होतो, वायू नाही. गॅसवर चालणारा जनरेटरही याला अपवाद नाही.

मग जनरेटर ठेवायचा कुठे? पाऊस असेल तर?

- घरापासून किमान २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर दूर. शेजाऱ्याच्या खिडकीपासूनही तेवढेच अंतर हवे.
- धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला. त्या बाजूची दारे-खिडक्या बंद.
- कोरड्या, उंच ओट्यावर. वर पत्र्याचे छप्पर चालेल, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात. ताडपत्रीने गुंडाळू नये.
- ओल्या हातांनी किंवा पाण्यात उभे राहून हात लावू नये. कंपनीच्या पुस्तिकेनुसार अर्थिंग करून घ्यावे.

सॉकेटला उलटी वायर जोडली तर काय होते?

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडायचा, की सगळे घर उजळते. ही युक्ती अनेकांना माहीत असते. पण मेन स्विच पाडायचा राहिला, तर हीच वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते. ट्रान्सफॉर्मर एरवी ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून घरापर्यंत देतो. उलट्या दिशेने तोच ट्रान्सफॉर्मर दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवू शकतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो.

मेन स्विच पाडला तरी प्रश्न संपत नाही. सॉकेटमधून निघालेल्या पिनेत जिवंत वीज असते, घरातल्या लहान मुलाचा हात तिथे लागू शकतो.

योग्य मार्ग दोनच. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. यात एका वेळी एकच, महावितरणची किंवा जनरेटरची वीज घरात येते. तो नसेल तर बाहेर वापरण्याजोगी, तीन कोअरची जाड केबल घेऊन उपकरणे थेट जनरेटरला जोडावीत. केबल पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली केबल तापते. टेप लावलेला जोड ओल्या गवतात नको.

किती लोड टाकता येतो?

चार एलईडी दिवे (३६ वॅट), दोन पंखे (१५० वॅट), टीव्ही (१०० वॅट) आणि फ्रीज (२०० वॅट) धरले तर बेरीज ५०० वॅटच्या आत राहते. पण फ्रीज आणि पंप सुरू होताना काही क्षण कित्येक पट वीज ओढतात. १ एचपीचा पंप म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना तो याच्या तिप्पटही मागू शकतो. म्हणून जनरेटरवरचा ‘कमाल’ नव्हे, तर ‘रेटेड’ आकडा पाहावा. पंप आणि फ्रीज एकाच वेळी सुरू करू नयेत. गिझर, इस्त्री बंदच ठेवावी.

पेट्रोल भरताना काय पाहावे?

जनरेटर बंद करून १५-२० मिनिटे थंड होऊ द्यावा. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल क्षणात पेटते. मोबाइलच्या टॉर्चऐवजी मेणबत्ती घेऊन टाकीत डोकावण्याची चूक नको. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत किंवा देवघर-स्वयंपाकघराजवळ ठेवू नये.

लक्षणे कशी ओळखावीत?

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, अशक्तपणा, गोंधळल्यासारखे होणे. पित्त झाले असेल, असे वाटून माणूस आडवा होतो आणि तिथेच घात होतो. घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होत असेल आणि बाहेर आल्यावर बरे वाटत असेल, तर संशय घ्यावा.

कोविडकाळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नये. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ऑक्सिजनयुक्त समजतो आणि ९८ दाखवू शकतो. सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत यावे, १०८ वर फोन करावा आणि जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावे?

२० फुटांचे मोकळे अंगण नसेल, तर पेट्रोल जनरेटर आपल्यासाठी नाही. दिवे, पंखे आणि मोबाइलपुरता बॅटरीवरचा इन्व्हर्टर पुरेसा आहे. ज्यांच्याकडे जनरेटर आहे, त्यांनी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपण्याच्या खोलीत लावावा. आणि पावसाळ्याआधी एकदा, उजेडात, केबल कुठून कुठपर्यंत पोहोचते ते मोजून ठेवावे. वादळाच्या रात्री टेप घेऊन अंगणात कोणी उतरत नाही.