कर्जाची काळजी आणि ख्रिस्ती प्रार्थना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हप्ते थकले, दुसऱ्यासाठी दिलेला जामीन अंगावर आला किंवा कराची नोटीस हाती पडली, की हे देवापुढे मांडावे का, असा संकोच अनेक ख्रिस्ती भाविकांना वाटतो. पैसा ऐहिक आणि प्रार्थना आत्मिक, अशी वाटणी त्यांनी मनाशी करून ठेवलेली असते. बायबल ही वाटणी मानत नाही. अदुल्लामच्या गुहेत दाविदाभोवती जमलेल्यांत कर्जाने गांजलेले लोक होते. नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लोक गाऱ्हाणे घालतात, की धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढावे लागले आणि आता पोटच्या मुलांना दास म्हणून द्यायची वेळ आली. नहेम्या त्यांची नुसती समजूत घालत नाही. सावकारी करणाऱ्या सरदारांना तो भरसभेत जाब विचारतो आणि जमिनी व व्याज परत करायला लावतो.

श्रद्धा पक्की असली की पैसे आपोआप येतात, हा समज अधिक घातक आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ २ राजे, अध्याय ४ मधली विधवेची गोष्ट सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण कर्ज ठेवून वारला आणि सावकार त्याच्या दोन्ही मुलांना दास म्हणून न्यायला आला. विधवा अलीशा या संदेष्ट्याकडे धाव घेते. तो विचारतो, घरात काय आहे? तेलाच्या एका भांड्याखेरीज काही नसते. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, तीही थोडीथोडकी नव्हे. म्हणजे आपली अडचण तिला दारोदार कळू द्यावी लागते. दार लावून ती तेल ओतत राहते आणि भांडी संपताच तेल थांबते. यानंतरचा भाग प्रवचनात सहसा गाळला जातो: तेल वीक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर मुलांसह गुजराण कर, असे अलीशा तिला सांगतो. चमत्कार झाला, तरी सावकाराचे देणे बुडाले नाही. मत्तयाच्या १७व्या अध्यायातही पेत्राला माशाच्या तोंडात नाणे मिळते. त्यासाठी गळ त्यालाच टाकावा लागतो, आणि ते नाणे दोघांच्या मंदिरपट्टीपुरतेच भरते, वर काही उरत नाही.

या समजाचेच व्यापारी रूप म्हणजे ‘आधी दान पेरा, मग कर्जमुक्तीचे पीक घ्या’ ही शिकवण. विसाव्या शतकात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांनी ती लोकप्रिय केली. तिला आधार म्हणून मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले दशमांशाचे वचन पुढे केले जाते. ते वचन मंदिराच्या कोठारात अन्न असावे म्हणून साऱ्या राष्ट्राला उद्देशून आहे. एखाद्या कुटुंबाचे थकलेले हप्ते हा त्याचा विषय नाही. उलट मार्कच्या सातव्या अध्यायात, आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले म्हणून जबाबदारी टाळणाऱ्यांना येशू खडसावतो. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन लहान नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट दानासाठी हमखास वापरली जाते, पण विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा निषेध तिच्या अगदी आधी आहे, याकडे दुर्लक्ष होते. इव्हँजेलिकल ख्रिस्ती नेत्यांच्या २०१० च्या केपटाउन कराराने समृद्धीची ही शिकवण खोटी सुवार्ता म्हणून नाकारली आहे. हप्त्याचे पैसे दानपेटीत टाकायला सांगणाऱ्या प्रचारकापासून दूर राहिलेले बरे.

कर्ज काढणे हेच पाप, असे काही जण रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावरून म्हणतात. कोणाचे काही देणे ठेवू नका, असे पौल लिहितो हे खरे, पण त्याच्या आधीच्याच ओळीत ज्याला कर त्याला कर, ज्याचे जे देणे ते त्याला द्या, असे तो सांगतो. भर आहे तो फेडण्यावर. ३७वे स्तोत्रही उसने घेऊन परत न करणाऱ्याला दुष्ट म्हणते, उसने घेणाऱ्याला नव्हे. कर्ज घेतले आणि दिले जाणार हे मोशेचे नियमशास्त्र गृहीत धरते. त्यातले बंधन मात्र धनकोवर जास्त आहे. गरिबाकडून व्याज घेऊ नये, जाते गहाण ठेवून घेऊ नये, गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नये, पांघरूण गहाण असेल तर सूर्यास्तापूर्वी परत करावे.

व्याजाबाबत चर्चची भूमिका शतकानुशतके बदलत गेली. ३२५ च्या निकाया परिषदेने धर्मगुरूंना व्याजबट्ट्यास मनाई केली. पुढे सावकारी पाशातून गरिबांची सुटका व्हावी म्हणून फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने इटलीत, पेरुजासारख्या शहरांत, तारणावर अल्प आकाराने कर्ज देणाऱ्या पेढ्या निघाल्या. चालवण्याच्या खर्चापुरत्या या आकाराला १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने मान्यता दिली. वसईत पापडी येथे १९१८ मध्ये सुरू झालेली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकही समाजाने आपसांत पतपुरवठा करण्याच्या याच विचारातली.

काळजी वाटणे म्हणजे अविश्वास, हा आरोपही टिकत नाही. गेथशेमानेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता. फिलिप्पैकरांस पत्रात, चिंता करू नका असे सांगताना पौल लगेच आपल्या मागण्या देवाला कळवायला सांगतो, आणि तो हे बंदिवासातून लिहीत आहे.

नोवेना म्हणजे ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना; तिच्याविषयीचे समज वेगळ्या जातीचे आहेत. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोवेना होते आणि तिथे सर्व धर्मांचे लोक नवस बोलतात. घर हवे असलेला मेणाचे घर वाहतो. नऊ बुधवार चुकले नाहीत तर मागणे पुरे होणारच, आणि एक चुकला तर सारे फुकट, असे बरेच जण मानतात. कॅथॉलिक चर्चची शिकवण अशी नाही. अंतःकरणाची तयारी बाजूला ठेवून नुसत्या बाह्य विधीला फळ चिकटवणे ही अंधश्रद्धा आहे, असे धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात, परिच्छेद २१११ मध्ये, स्पष्ट म्हटले आहे. अमुक इतक्या जणांना पाठवा म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या प्रार्थनांनाही हेच लागू पडते.

प्रार्थना केली, आता गप्प बसावे आणि कोणाला सांगू नये, असेही मानले जाते. जामीन राहून अडकलेल्याला नीतिसूत्रांचा सहावा अध्याय याच्या नेमका उलट सल्ला देतो: डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, शेजाऱ्याकडे जा, गयावया कर, स्वतःला सोडव. वादी न्यायालयाच्या वाटेवर आहे तोवरच त्याच्याशी मिटवून घ्या, असे येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, तेव्हा नीतिसूत्रांचा सल्ला आजही जसाच्या तसा लागू आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला १९९६ मध्ये सुरू झालेली ‘ख्रिश्चन्स अगेन्स्ट पॉव्हर्टी’ ही संस्था कर्जदाराच्या घरी जाते, जमाखर्च मांडून देते, धनकोंशी बोलते आणि त्याची इच्छा असेल तर त्याच्यासाठी प्रार्थनाही करते.

या दृष्टीने कर्जदाराच्या प्रार्थनेत मागण्यासारखे बरेच असते: एकूण देणे किती हे कागदावर मांडण्याचे धैर्य, घरच्यांना खरे सांगण्याचे बळ, धनकोच्या मनात दया, आजच्या दिवसाची भाकर. आणि धमक्या येत असतील तर नियमांचा आधार घेण्यात श्रद्धेला बाध येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात करता येते.