आवडतं पुस्तक, आवडता पिक्चर आणि आईंच्या पाटल्या



गेल्या महिन्यातल्या बॅचमध्ये हळद-मसाला पॅकिंग सुरू करणाऱ्या एका मुलानं शेवटच्या दिवशी हात वर केला. "मॅडम, एक पुस्तक सांगा ना. ते वाचलं की धंदा सुरू करायची हिंमत येईल असं."

मी वेळ मारून नेली. "नंतर सांगते" म्हणाले. रविवारच्या व्हिडिओतही दोन मिनिटांत उरकलं. खरं कारण असं की, हिंमत देणारं एक पुस्तक मला एकदा चांगलंच महागात पडलंय. ते आधी सांगते, मग आवडीनिवडीकडे येऊ.

सांगलीत पेठेत माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. बीबीए झालं, लग्न झालं, दुकान सुरू झालं आणि चौथ्या वर्षी ते बऱ्यापैकी चालायला लागलं. त्याच सुमारास एक गाजलेलं पुस्तक हातात आलं. नाव सांगत नाही, कारण दोष पुस्तकाचा नव्हता, माझ्या वाचण्याचा होता. मोठा विचार करा, भीती सोडा, उडी मारा, एवढंच त्यात पुन्हा पुन्हा होतं. मी पिवळ्या मार्करनं अर्धं पुस्तक रंगवलं आणि विश्रामबागला दुसरं दुकान घेतलं. फर्निचरला 1,80,000 रुपये लागले. ते कुठून आले? सासूबाईंच्या पाटल्या सोनेतारणात ठेवून.

आता महिन्याचा हिशोब बघा. भाडं 14,000, मुलीचा पगार 8,000, लाइट आणि किरकोळ 2,500. म्हणजे शटर उघडायचेच 24,500. आमच्या लाइनला सरासरी मार्जिन 25 टक्के धरलं तर नुसतं बरोबरीत राहायला महिन्याला 98,000 ची विक्री हवी. माझी होत होती 60,000 च्या आसपास. मार्जिन सुटायचं 15,000. दर महिन्याला साडेनऊ हजार पेठेतल्या दुकानाच्या गल्ल्यातून तिकडे जात होते. अकरा महिन्यांत लाखाच्या वर गेले, फर्निचर वेगळंच. हा हिशोब मांडायला बीबीए सुद्धा लागत नाही, सातवी पास माणूस कागदावर करेल. मी तो दुकान बंद केल्यावर केला.

म्हणून आता कुठलंही पुस्तक वाचताना, पिक्चर बघताना मी एकच गोष्ट शोधते. पैसे कुठून आले आणि ते आणताना घरातल्या कुणाचं काय गेलं?

या नजरेनं बघितलं तर माझा सगळ्यात आवडता पिक्चर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. परेश मोकाशींचा, 2009 चा. भारतातर्फे ऑस्करसाठी गेला होता. नंदू माधव दादासाहेब फाळके झालेत आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. बहुतेक जण हा पिक्चर सिनेमाच्या इतिहासाचा म्हणून बघतात. मी म्हणते, उद्योजकता शिबिरात पहिल्या दिवशी लावावा असा आहे. आणि रडका अजिबात नाही, उलट बघताना तुम्ही सारखे हसत असता.

फाळक्यांची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. चाळिशी गाठलेली. छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी बिनसलं म्हणून बाहेर पडलेले. घरात बायकोमुलं. अशा वेळी हा माणूस गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघतो आणि ठरवतो की आपण आपल्या देवांचे पिक्चर काढायचे. शेजारपाजारच्यांना वाटलं डोकं फिरलं. मलाही वाटलं असतं.

पण पुढे तो काय करतो ते नीट बघा. आधी दिवसरात्र पिक्चर बघून तंत्र समजून घेतो, इतकं की डोळे आजारी पडतात. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून 1912 मध्ये लंडनला जातो. तिथे शिकून घेतो, कॅमेरा आणि मशिनरीची ऑर्डर देतो आणि परत येतो. आता मोठं भांडवल हवं. मागायचं कसं? पिक्चर म्हणजे काय हे सांगून लोकांना पटणार नव्हतं. तर त्यानं कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभरात उगवलेलं ते रोप पडद्यावर क्षणात भराभर वाढताना दिसलं. ती छोटी फिल्म ओळखीच्या पैसेवाल्यांना दाखवली आणि मग भांडवल उभं राहिलं.

वाटाण्याचा हा प्रसंग मी प्रत्येक बॅचला सांगते. कुंडी, माती, मूठभर बी आणि थोडी फिल्म, एवढाच खर्च. तुमची हळद असेल तर आधी पन्नास पुड्या भरा, वीस घरी द्या, दहा दिवसांनी पुन्हा मागतात का बघा. मशिनचं कोटेशन त्यानंतर मागवा. मी विश्रामबागला वाटाणा पेरलाच नव्हता. रविवारी त्या रस्त्यावर नुसतं टेबल लावून बसले असते तरी कळलं असतं की तिथली माणसं संध्याकाळी फिरायला येतात, वह्या-पेनं घ्यायला नाही.

हा पिक्चर मी दुसऱ्यांदा बघितला तो दुकान बंद झाल्यावर, घरी टीव्हीवर, सासूबाईंच्या शेजारी बसून. लोकांना फाळके लक्षात राहतात, आईंचं लक्ष सगळा वेळ सरस्वतीबाईंवर. त्यांचं कामही बघा ना. एवढ्या युनिटचा स्वयंपाक त्या करायच्या. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची, तिला कडेनं भोकं पाडायची ती घरात, अंधारात. फिल्म धुण्यातही हात. आणि पैसे संपले तेव्हा दागिने त्यांचेच. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि नाव झालं फाळक्यांचं. ते योग्यच आहे. पण आज आपण ज्याला प्रॉडक्शन, कॅन्टीन आणि लॅब म्हणू ते सगळं एका बाईनं सांभाळलं होतं, पगाराशिवाय.

पिक्चर संपल्यावर आई एवढंच म्हणाल्या, "तिला विचारलं तरी होतं गं त्यानं. समजावून सांगितलं होतं."

मी गप्प. कारण पाटल्या मागताना मी आईंना हिशोब दाखवलाच नव्हता. "आई, सहा महिन्यांत सोडवते," असं म्हटलं होतं आणि त्यांनी काढून दिल्या होत्या. त्या दिवशी रात्री वही काढली आणि अकरा महिन्यांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांना पगार आणि भाडं लगेच समजलं. डिपॉझिटवर मात्र अडल्या, "ते परत मिळतं ना? मग ते खर्चात कशाला धरलंस?" बरोबर पकडलं होतं. चूक माझीच होती.

एक गोष्ट हा पिक्चर दाखवत नाही, कारण तो यशाच्या आसपासच थांबतो. पुढे 1918 मध्ये फाळक्यांनी भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. तिथेही खर्चावरून आणि कामाच्या पद्धतीवरून खटके उडाले. ते सगळं सोडून काशीला निघून गेले, नंतर परतही आले. 1944 मध्ये नाशिकला वारले तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं. म्हणजे छापखान्यातही भागीदारी, फिल्म कंपनीतही भागीदारी आणि दोन्हीकडे भांडण. इतकी कल्पक माणसं भागीदारीत का अडकतात यावर कधीतरी वेगळं लिहीन. तूर्त एवढंच की भागीदारीचा करार स्टॅम्प पेपरवर करा, सख्खा भाऊ असला तरी.

पुस्तकांचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्यातलंच नाव घेते. शंतनुराव किर्लोस्करांचं 'कॅक्टस अँड रोझेस' हे आत्मचरित्र. मिरजेहून पुण्याला रेल्वेनं जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. लहानपणी मला वाटायचं की वाडीचं नाव आधीचं आणि कारखान्याला ते नंतर मिळालं असेल. गोष्ट नेमकी उलटी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षकाची नोकरी करत होते. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली. 1910 मध्ये निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. पुस्तकाच्या नावातला कॅक्टस तिथला.

मला त्यातला नांगर आवडतो. नांगर चांगला होता, पण शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता. नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आपल्याकडे पंधरा दिवसांत ऑर्डर आली नाही की माणूस मला फोन करतो, "मॅडम, प्रॉडक्टच बदलू का?" अरे, आधी गिऱ्हाईक का घेत नाही ते तरी विचार. ते महाग म्हणतंय, घाबरतंय की त्याला कळतच नाहीये? तिन्हीची औषधं वेगळी आहेत.

हिंदीतला एक आवडता सांगून टाकते, 'रॉकेट सिंग: सेल्समन ऑफ द इयर'. तोही 2009 चाच. तिकीटबारीवर पडला, आता लोक शोधून बघतात. कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीतला साधा सेल्समन त्याच कंपनीच्या ऑफिसात बसून स्वतःची छोटी कंपनी चालवतो. विक्रीनंतरची सर्व्हिस म्हणजे काय ते यात शिकावं. पण हिरो मालकाच्या फोनवर, मालकाच्या पगारात स्वतःचा धंदा करतो, ते मला पटत नाही. पिक्चरमध्येही शेवटी त्याला त्याचा हिशोब द्यावा लागतोच. नोकरीत राहून धंदा सुरू करताय? चांगलंय, पण सुट्टीच्या दिवशी आणि स्वतःच्या मोबाइलवर करा.

गाण्यांबद्दल तुम्हाला वाटेल मी जोशवाली प्लेलिस्ट देणार. नाही. दुकान उघडताना मी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकते. तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या. ते मिरजेत राहिले आणि मिरजेच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. त्या वेळी शटर अर्धं खाली असतं, फक्त माझ्यासाठी. दुकानात गिऱ्हाइकांसमोर रेकॉर्डेड गाणी लावली की कॉपीराइट कायद्यानं ते सार्वजनिक वाजवणं होतं आणि त्याला परवाना लागतो. हॉटेल, कॅफे टाकणाऱ्यांनी हे खर्चाच्या यादीत आधीच धरा, नंतर नोटीस आली की तोंड कडू होतं.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन या. हे कारागीर मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारी घराणी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा ते सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. पंढरपूर भागातून येणारे कडू भोपळे, लाकूड, तारा आणि दीडशे वर्षांहून जास्त मुरलेला हात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळालं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाइलवर फुकटचं ॲप आलं, तरी ही दुकानं उघडी आहेत. याचं एक कारण जवारी. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेनं घासून चर पडतात, आवाज बसतो, मग ती पुन्हा घासून आवाज मोकळा करावा लागतो. यंत्रानं ते तसं जमत नाही, कानानंच करावं लागतं. म्हणजे ज्यानं तंबोरा विकला, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं. मी तिथून परत आले आणि पेठेतल्या दुकानात फाउंटन पेनांची दुरुस्ती सुरू केली. निब धुणं, शाईचा ड्रॉपर बदलणं, पन्नास रुपयांची कामं. पण पेन घ्यायला आलेला माणूस शाई घेतो, वही घेतो आणि मुलीच्या वाढदिवसाचं गिफ्टही घेऊन जातो.

हळदवाल्या पोराला मी काल फोन केला. पुस्तकाचं नाव सांगितलं, पिक्चरचंही. तो म्हणाला, "मॅडम, मशिनला आईची बोरमाळ ठेवायची म्हणतोय." मी म्हटलं, आधी पिक्चर आईबरोबर बस आणि बघ, मग वही घेऊन तिच्यासमोर बस, आणि तिनं प्रश्न विचारले तर चिडू नकोस.

आईंची एक पाटली सुटली. दुसरीचे चार हप्ते राहिलेत. हप्ता भरल्याची पावती आता मी त्यांच्याच हातात देते, त्या चष्मा लावून आकडा बघतात आणि पोथीच्या डब्यात ठेवतात.