मत्स्यव्यवसायातील आधारसामग्री संस्करण

मत्स्यव्यवसायातील आधारसामग्री संस्करण : मासेमारीच्या कच्च्या नोंदी गोळा करून, तपासून व त्यांचे वर्गीकरण आणि विश्लेषण करून व्यावसायिक निर्णयास उपयोगी माहिती तयार करण्याची पद्धती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण, वेंगुर्ले इ. बंदरांत उतरणाऱ्या मासळीची जात, वजन व लिलावातील भाव, तसेच नौका व जाळ्याचा प्रकार यांचे सुटे आकडे ही आधारसामग्री होय.

प्रत्येक नौकेची पकड मोजणे व्यवहार्य नसल्याने नमुना पद्धती वापरतात. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत मासळी उतरण्याची केंद्रे, दिवस व नौका टप्प्याटप्प्याने यादृच्छिक रीतीने निवडतात. समजा, सारख्या ४० नौकांपैकी निवडलेल्या १० नौकांत २,००० किग्रॅ. बांगडा मिळाला, तर त्या दिवसाची एकूण पकड सु. ८,००० किग्रॅ. धरता येते.

एकूण पकडीचा आकडा मात्र एकटा फसवा ठरू शकतो. एका हंगामात १०० फेऱ्यांत २०,००० किग्रॅ. व पुढील हंगामात १५० फेऱ्यांत २४,००० किग्रॅ. मासळी मिळाली असे मानल्यास उत्पादन वाढलेले दिसते. परंतु दर फेरीची पकड २०० किग्रॅ. वरून १६० किग्रॅ. वर आलेली असते. बर्फ कारखानदारास पहिला आकडा पुरतो. डिझेलचा खर्च सोसणाऱ्या नौकामालकास दुसरा आवश्यक असतो. घट साठ्यातील आहे, की मासळीच्या स्थलांतरामुळे, हे ठरविण्यासाठी माशांची लांबी, वाढ व प्रजननावस्थाही तपासावी लागते.

जाळेवार नोंदींना विशेष महत्त्व आहे. किनाऱ्यावरून ओढली जाणारी रापण व यांत्रिक पर्ससीन यांची पकड एकत्र मोजल्यास रापणकारांची घट एकूण वाढीत झाकली जाते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये राज्य शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. अशा निर्बंधांचा परिणाम अजमावण्यासही याच नोंदी लागतात.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) उपग्रहांनी टिपलेले सागरपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रे ठरविते आणि त्यांची दिशा, अंतर व खोली मच्छीमारांना कळविते. दाट ढगांमुळे या निरीक्षणांत खंड पडतो. शिवाय मासळीचे थवे सरकत असल्याने अशी माहिती वेळेवर पोहोचली, तरच तिचा उपयोग होतो.