शेजाऱ्यांची एकी : फायदा नक्की कधी होतो?

काशीत मंगला गौरीचं दर्शन घेऊन तुम्ही ललिता घाटावर गेलात, तर लाकडी नेपाळी मंदिर दिसेल. इथे येणाऱ्या नेपाळी भाविकांना व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारामुळे ते भारतात राहून कामही करू शकतात.

मग सगळेच शेजारी एकत्र आले तर? १९८५ मध्ये ढाक्यात ‘सार्क’ स्थापन झाली. तरी या देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. २०१४ नंतर शिखर परिषदही भरलेली नाही.

युरोपियन युनियनमध्ये मात्र निम्म्याहून जास्त व्यापार आपसातच होतो. पण तिथे काही निर्णय सर्वांच्या हाती सोपवावे लागतात. ते नको म्हणून ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडला.

म्हणजे नुसतं सभासद होऊन भागत नाही, शेजाऱ्यावर विश्वासही लागतो. तुम्हाला काय वाटतं?