'फ्लामेन्को' : एका नावाची व्युत्पत्ती

जयपूरमध्ये कालबेलिया नर्तकींचे काळे घागरे गिरक्या घेताना पाहणाऱ्या परदेशी पाहुण्यास पुष्कळदा असे सांगण्यात येते की, स्पेनमधील फ्लामेन्को नृत्याचे मूळ राजस्थानातच आहे. 2010 साली युनेस्कोने या दोन्ही कलांना आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत एकदमच स्थान दिले. 'फ्लामेन्को' हा शब्द मात्र भारताची वाट दाखवीत नाही.

स्पॅनिश भाषेत त्याचा जुना अर्थ 'फ्लँडर्सचा रहिवासी' असा आहे. फ्लँडर्स म्हणजे आजच्या बेल्जियमचा उत्तर भाग. रोहित पक्ष्यालाही स्पॅनिशमध्ये हेच नाव आहे. अंदालुसियातील गायन-नृत्याला ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिळाले. त्यापूर्वी ते तेथील जिप्सींना लावले जाई, असे जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकाच्या 1841 मधील ग्रंथावरून दिसते. स्पेनच्या दक्षिणेकडील भटक्यांना उत्तरेकडच्या देशाचे नाव का मिळाले? काहींच्या मते, 1517 मध्ये राजा कार्लोसबरोबर आलेल्या फ्लेमिश दरबाऱ्यांच्या तोऱ्यामुळे हा शब्द 'ऐटबाज' या अर्थाने रूढ झाला. ब्लास इन्फांते याने 'भूमिहीन शेतकरी' अशा अर्थाचा अरबी शब्दसमूह सुचविला. ही कल्पना हृदयस्पर्शी खरी, परंतु तिला कागदोपत्री आधार नाही.

या लोकांचे दुसरे नावही असेच उसने आहे. ते इजिप्तहून आले, या गैरसमजातून 'हितानो' हा शब्द निघाला. 1749 मध्ये राजाज्ञेने हजारो हितानोंना पकडून कोंडण्यात आले. 1783 च्या कायद्याने तर 'हितानो' हे नावच वापरण्यास बंदी केली. ज्यांना स्वतःचे नाव ठरविण्याचा अधिकार कधी मिळाला नाही, त्यांच्या कलेचे नावही इतरांनीच ठेवले, यात नवल नाही.

त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. परंतु ते कालबेलियाच होते, यास पुरावा नाही. शिवाय आज मंचावर दिसणारे कालबेलिया नृत्य 1980 च्या दशकापासून, विशेषतः गुलाबो सपेरा यांच्यामुळे, प्रसिद्धीस आले. नात्याची खूण नृत्यात नव्हे, तर बोलीत शोधावी लागते. स्पेनमधील हितानोंच्या बोलीत पाण्याला 'पान्यी' आणि माणसाला 'मानुस' म्हणतात. आणि त्या बोलीचे नाव आहे 'कालो', म्हणजे काळा.