काच नसलेली काच

पावसाळा तोंडावर आला की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या गॅरेजांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘काच पिवळी पडलीय, जरा घासून द्या.’ पाठोपाठ कुणीतरी सल्ला देतोच की त्याला गॅरेज कशाला हवं, टूथपेस्ट लावा. वाक्यातली चूक पहिल्याच शब्दात आहे. हल्लीच्या मोटारींच्या हेडलाइटवर काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. फियाट-अँबॅसिडरच्या गोल दिव्यांवर खरी काच होती, तेव्हाचा शब्द मागे राहिला. शब्द राहायला हरकत नाही, पण त्याच्याबरोबर समजूतही राहिली : काचेवर साचतो तो मळ, आणि मळ घासला की जातो. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्यापायी लोक दर वर्षी तोच दिवा पुन्हा घासत बसतात, आणि दर वर्षी तो आधीपेक्षा लवकर पिवळा पडतो.

खरा गुन्हेगार ऊन. कर्जत आणि खालापूर 19 अक्षांशाच्या किंचित खाली येतात, त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. वर्तमानपत्रं ज्याची दर वर्षी बातमी करतात तो शून्य सावलीचा दिवस हाच. जुलैतला ढगांत बुडून जातो. मेमधला मात्र टपावर, बॉनेटवर आणि हल्लीच्या तिरक्या, आभाळाकडे तोंड केलेल्या हेडलाइटवर पुरता बरसतो. त्या उन्हातले अतिनील किरण पॉलिकार्बोनेटच्या लांब साखळीतले काही बंध तोडतात आणि सुटलेली टोकं भलत्याच ठिकाणी जुळतात. रसायनशास्त्रात याला फोटो-फ्राइस पुनर्रचना म्हणतात. गंमत अशी की तिच्यातून जी संयुगं तयार होतात, ती सनस्क्रीनमध्ये घालतात त्यांच्या नात्यातली असतात. म्हणजे भाजून निघालेलं प्लास्टिक स्वतःसाठी मलम बनवू पाहतं. दुर्दैवाने ते मलम पिवळं असतं. पुढे हवेतला ऑक्सिजन या दुखऱ्या थराला खातो, त्याला बारीक तडे जातात आणि रायगडातला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस ते तडे धुऊन आणखी रुंद करतो. पण हे सगळं घडतं ते वरच्या काही शतांश मिलिमीटरमध्येच, कारण अतिनील किरण तेवढ्यातच शोषले जातात. खालचं प्लास्टिक ठणठणीत असतं. घासण्याचा उपाय मुळात चालतो तो एवढ्यामुळेच.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर कारखान्यातच लेन्सवर अतिनील किरण शोषणारा, ओरखडे न पडू देणारा, केसापेक्षाही पातळ असा कोट चढवतात. प्रश्न त्या कोटाच्या आयुष्याचा आहे. अमेरिकेच्या नियमानुसार अशा प्लास्टिकचे नमुने फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तीन वर्षं ठेवून तपासतात. ही दोन्ही राज्यं आपल्यापेक्षा बरीच उत्तरेला आहेत. शिवाय आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणीच 15 वर्षांची. परीक्षा तिसरीची आणि नोकरी पंधरा वर्षांची, असा हा मामला. त्यामुळे सातव्या-आठव्या वर्षी दिवे धुरकट झाले तर नवल वाटायला नको.

पिवळेपणाचं झालं, दुधीपणाचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते समजून घ्यायला कर्जत स्टेशनासारखी जागा नाही. घाट चढण्यासाठी मागून इंजिनं जोडायला गाड्या इथे थांबायच्या आणि तेवढ्यात फलाटावर वडे खपायचे. वडा ज्या कागदात बांधून मिळतो त्यावर तेलाचा डाग पडला की कागद तिथे पारदर्शक होतो. तेल काही कागदाचा पांढरा रंग विरघळवत नाही. कागदाचा तंतू स्वतः पांढरा नसतोच. तंतू आणि त्यांच्यामधली हवा यांचे अपवर्तनांक वेगळे असल्याने प्रकाश प्रत्येक सीमेवर इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. तेलाने हवेची जागा घेतली की तो फरक जवळजवळ मिटतो आणि प्रकाश सरळ जातो. तड्यांनी खडबडीत झालेल्या हेडलाइटचंही हेच. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक 1.58, हवेचा 1, पाण्याचा 1.33. म्हणून धुरकट दिव्यावर तांब्याभर पाणी ओता. ओलं असेपर्यंत दिवा लख्ख दिसला, तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागात आहे आणि घासून उपयोग होईल. पाणी ओतूनही आत धुकं दिसत राहिलं, तर ओल सील फुटून आत शिरलेली आहे; मग बाहेरून कितीही घासा. जुनी गाडी विकणारा दिव्यांना तेल किंवा सिलिकॉनचं पॉलिश का चोळतो, हेही यातून कळावं. तो वड्याचा कागदच आहे.

टूथपेस्टचा महिमा याच्या थोडाच पुढे जातो. तिच्यात खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड असते. ती सर्वांत वरचा कुजका थर थोडासा खरवडते आणि खड्डे थोडे उथळ करते. फरक दिसतो, हे खोटं नाही. पण दिसतो तो काही आठवडे, कारण जी गोष्ट गेली होती ती टूथपेस्टने परत आणलेली नाही. गॅरेजमधला जाणता माणूस वॉटर पेपर घेतो : 800, मग 1000, 1500, 2000, शेवटी 3000, दर वेळी पाणी मारत, आणि आधीच्या कागदाच्या आडव्या दिशेने. 2000 नंबरच्या कागदाचा कण साधारण दहा मायक्रॉनचा, तर प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. म्हणून 2000 मारल्यावरही दिवा दुधीच दिसतो आणि गिऱ्हाईक घाबरतं. ओरखडे तरंगलांबीच्या खाली न्यायचं काम शेवटी कंपाउंड आणि बफिंग करतं. इथवर सगळे येतात. दिवा नव्यासारखा चमकतो, फोटो निघतो, पैसे चुकते होतात, आणि नेमकं इथेच काम अर्धवट सुटतं. पिवळ्या थराबरोबर कारखान्यातल्या कोटाचा उरलासुरला अंशही निघून गेला आहे. आता उघडं पॉलिकार्बोनेट मेच्या उन्हाला सामोरं जाणार. अतिनील किरण रोखणारा नवा क्लिअर कोट किंवा तशीच फिल्म वर चढली नाही, तर केलेली मेहनत पुढच्या मोसमापर्यंतची. दोन घटक मिसळून मारायचा क्लिअर कोट सर्वांत टिकाऊ, पण त्यातली आयसोसायनेटं फुप्फुसांना घातक असतात. तो योग्य मास्क लावून, उघड्यावरच मारावा. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन मात्र दिव्याजवळही नेऊ नये. इथे नियतीचा एक खेळ आहे : पॉलिकार्बोनेट ज्यापासून बनतं त्या बिस्फिनॉल-एमधला ‘ए’ म्हणजे अ‍ॅसिटोनच. दोन रेणू फिनॉलचे आणि एक अ‍ॅसिटोनचा. जन्मदाताच पुढे पोराच्या जिवावर उठतो. रसायनी नावाचं गाव ज्या तालुक्यात आहे, तिथल्या वाचकांना हे सांगायला तरी संकोच नको.

एवढी कटकट असेल तर काचच का ठेवली नाही, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. काच पिवळी पडत नाही. पण ती प्लास्टिकच्या दुप्पट जड, हव्या त्या वळणात ओतायला अवघड, आणि पुढच्या डंपरच्या चाकातून उडालेल्या खडीने फुटणारी. पॉलिकार्बोनेटची चिवटाई किती, ते त्याच्या शोधकाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. खरं तर पहिल्या शोधकाला काहीच कळलं नव्हतं. 1898 मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी या कुळातले पदार्थ प्रथम बनवले. ते धड विरघळेनात, धड वितळेनात, म्हणून त्यांनी नाद सोडला. पुढे याच आइनहॉर्ननी दाताच्या डॉक्टरांचं नोव्होकेन शोधलं, आणि जग त्यांना ओळखतं ते त्यासाठी. पंचावन्न वर्षांनी, 1953 मध्ये, जर्मनीत बायरचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स, एकमेकांचा पत्ता नसताना, आठवडाभराच्या अंतराने त्याच पदार्थावर पोचले. फॉक्स शोधत होते तारेवरचं आवरण. त्यांच्या ढवळणीवर जो गोळा गोठून बसला तो काही केल्या फुटेना. अपोलोच्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट याच प्लास्टिकचा होता. मोटारीच्या हेडलाइटवर ते आलं 1984 मॉडेलच्या लिंकन मार्क सेव्हनपासून, तेही अमेरिकी सरकारने नियम बदलल्यावर. चंद्रावर जाऊन आलेल्या पदार्थाला खोपोलीच्या उन्हाने हरवावं, यात त्याची बदनामी नाही. चंद्रावर त्याला पंधरा वर्षं उभं केलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त धोकादायक आहे : दिवा धुरकट आहे ना, मग मोठा बल्ब टाका. धुरकट लेन्समधून जादा उजेड फारसा रस्त्यावर जात नाही, चहूकडे विखुरतो. म्हणजे आपल्याला जवळजवळ तितकंच अंधुक दिसतं आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. घाटात, पावसात, धुक्यात हे काय करेल ते सांगायला नको. अमेरिकेतल्या ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने 2018 मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा अकरा वर्षं जुन्या गाड्यांचे खराब दिवे नव्याच्या जेमतेम 22 टक्के उजेड देत होते, आणि नीट दुरुस्तीनंतर तो 70 टक्क्यांपर्यंत परतला. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो, हे धरून ढोबळ हिशेब करा. नव्या दिव्याने जी वस्तू 60 मीटरवर दिसली असती, ती खराब दिव्याने 28 मीटरवर दिसेल. ताशी 60 किलोमीटर वेगाने ते अंतर पावणेदोन सेकंदांत संपतं, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. शंभर टक्के हवे असतील तर कंपनीचा नवा दिवाच घ्यावा लागेल. तो परवडत नसेल, तर 70 टक्के हा वाईट सौदा नाही. मात्र ते 70 टिकवणारा कोट वर असायला हवा.

तेव्हा गॅरेजमध्ये विचारायचा प्रश्न ‘किती चमकेल?’ हा नव्हे. ‘वरून काय मारणार, आणि ते अतिनील किरण अडवतं का?’ हा आहे. घरी करायची देखभाल त्याहून सोपी. खडीची धूळ बसलेला दिवा कोरड्या फडक्याने कधी पुसू नये. आधी पाणी, मग मऊ कापड. बाकी सगळं सावलीवर अवलंबून. कर्जत तालुक्यातल्या माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून शनिवार-रविवारी आलेल्या गाड्या दस्तुरी नाक्यावर दिवस दिवस उभ्या असतात. मालक वर झाडांच्या गारव्यात हिंडत असतो. खाली गाडी लावताना तिचं नाक एखाद्या झाडाखाली घातलं, किंवा दिव्यांवर एक जुना टॉवेल टाकला, तरी चालेल.