२३० म्हणजे नेमके किती?

घरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. त्या सॉकेटमधला दाब मात्र एका जागी थांबत नाही. शून्यावरून तो सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, पुन्हा शून्यावर येतो, उलट्या दिशेने तितकाच जातो आणि परततो. हा पूर्ण फेरा २० मिलिसेकंदांत होतो, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. २३० हा आकडा उष्णतेवरून ठरला आहे. एखाद्या हीटरला २३० व्होल्टचा स्थिर दाब जितका तापवेल, तितकाच हा सतत बदलणारा दाब तापवतो. याला आरएमएस म्हणतात. एसी मोजताना मीटर जो आकडा दाखवतो तो हिशोबाने काढलेला असतो. कसा काढला हे ठाऊक असेल तरच त्या आकड्यावर विसंबता येते.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्यात, एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसून मी हे मोजमाप जवळून पाहिले आणि स्वतःही केले. निर्मलहून आदिलाबादकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरचे हे मंडलाचे गाव. कडेम नदीवरचा कुंटाला धबधबा याच मंडलात आहे. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तूर. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो, त्यामुळे दुकानात तेलुगू, मराठी, गोंडी आणि हिंदी एकाच बाकावर बसतात. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळू लागली. मोटर कधीही लावता येते, म्हणून ती जास्त तास चालते, आणि जास्त चालली की जळण्याच्या संधीही वाढतात. दुकानाच्या दारात जळालेल्या वाइंडिंगचा काळा तांब्याचा ढीग असतो.

दुकानातल्या मिस्त्रींच्या टेबलावर चार साधने होती: निऑनचा टेस्टर, पिवळा स्वस्त मल्टिमीटर, टाँग टेस्टर आणि होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. ट्रू आरएमएस मीटर आणि बॅटरीवर चालणारा छोटा ऑसिलोस्कोप मी सोबत नेला होता.

सुरुवात पिवळ्या मीटरपासून केली. देशभरातल्या लाखो दुकानांत हाच मीटर आहे. त्याच्या डायलवर एसीसाठी दोनच रेंज, २०० आणि ७५०. घरची लाइन ७५० वर मोजायची. या जातीच्या मीटरसोबत येणाऱ्या चिठ्ठीत एसीची अचूकता साधारण अशी दिलेली असते: वाचनाच्या १.२ टक्के, अधिक-उणे शेवटचे १० अंक. २३० व्होल्टवर याचा हिशोब सुमारे १३ व्होल्ट होतो. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत ग्राहकाच्या दाबाला ६ टक्क्यांची मुभा होती, म्हणजे जवळजवळ १४ व्होल्ट. जी मर्यादा तपासायची तिच्याएवढीच मीटरची चूक असू शकते. म्हणून हा मीटर लाइन आहे की नाही, फार खाली गेली आहे का, एवढे नीट सांगतो. २१८ आहे की २१२, या वादात त्याची साक्ष चालत नाही.

आत काय होते हे पाहायला एक बिनधोक प्रयोग आहे. मीटर एसी २०० वर ठेवून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावायची. बॅटरीत एसी मुळीच नाही, तरी पिवळा मीटर १८-२० व्होल्ट दाखवतो. टोके उलटी केली की शून्य. कारण आत एकच डायोड आहे. तो लाटेची एक बाजू घेतो, तिची सरासरी काढतो आणि ठरलेल्या गुणकाने वाढवून आकडा दाखवतो. तो गुणक शुद्ध साइन लाट गृहीत धरून निवडलेला आहे. लाट साइन असेल तोवर उत्तर बरोबर येते.

लाट साइन नसली की काय होते, ते दुकानात आलेल्या इन्व्हर्टरने दाखवले. गिऱ्हाईक म्हणाले, “दादा, आउटपुट कमी देतोय. एकाने मोजून सांगितलं, १८० आहे.” पिवळ्या मीटरवर खरेच १८० आले. त्याच सॉकेटमध्ये ट्रू आरएमएस मीटर लावला, तर २२९. दोन्ही मीटर धडधाकट होते.

मग स्कोप काढला. सॉकेटमध्ये थेट प्रोब घालण्याआधी इथे थांबायलाच हवे. वर्कशॉपमधल्या मोठ्या सीआरओच्या प्रोबची अर्थ क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लागली की सरळ शॉर्ट. बॅटरीवरच्या स्कोपमध्ये तो शॉर्ट होत नाही, पण क्लिप फेजवर गेली तर स्कोपच्या जोडणीचा उघडा धातू फेजवर येतो. शिकणाऱ्याने २३० ते १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर मध्ये घालावा आणि १२ व्होल्टच्या बाजूने लाट पाहावी. आकार जवळपास तसाच दिसतो आणि लाइनशी थेट संबंध उरत नाही.

आधी गावची लाइन पाहिली. पडद्यावर एका चौकटीला ५ मिलिसेकंद ठेवले, तर चार चौकटींत एक पूर्ण लाट बसते. लाट साइनच होती, पण माथा किंचित चपटा. टीव्ही, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर लाटेच्या माथ्यावरच करंट ओढतात, म्हणून तो भाग दबतो. नंतर ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरवर लावला. इथे गोलाई नव्हतीच. ५ मिलिसेकंद वर, ५ शून्यावर, ५ खाली, पुन्हा ५ शून्यावर. बाजारात स्क्वेअर वेव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या इन्व्हर्टरची ही पायऱ्यांची लाट. आता १८० चा उलगडा कागदावर होतो. पायरीची उंची ३२४ व्होल्ट धरा. मीटर लाटेची जी एक बाजू घेतो ती पाव वेळच असते, म्हणून सरासरी ८१. पिवळा मीटर तिला साइनच्या हिशोबाने २.२२ ने गुणतो: १८०. उष्णतेच्या हिशोबाने मात्र ३२४ ला दोनच्या वर्गमुळाने भागायचे: २२९. इन्व्हर्टरचे आउटपुट पुरेसे होते. बोर्ड बदलण्याचा खर्च वाचला, आणि तो एका आकाराच्या दर्शनाने वाचला. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये कॅथोड किरणांची नळी बनवली, तेव्हापासून विजेची लाट पडद्यावर दिसू लागली. आज तीच सोय खिशात मावते.

महागडा मीटरही फसतो, आणि एका बाबतीत स्वस्तापेक्षा जास्त फसतो. एका घरातली तुटलेली वायर तपासायची होती. ट्रू आरएमएस मीटरने तिच्यावर ८० च्या आसपास व्होल्ट दाखवले. टेस्ट लॅम्प लावला, तर दिवा लागला नाही आणि मीटर शून्यावर आला. ती वायर दूरपर्यंत जिवंत फेजला चिकटून गेली होती. दोन वायरींमधले इन्सुलेशन कंडेन्सरसारखे वागते आणि नगण्य करंट पलीकडे पोचवते. चांगल्या मीटरचा अंतर्गत रोध १० मेगओहमच्या घरातला असतो. त्याला इतका थोडा करंटही आकडा दाखवायला पुरतो. पिवळ्या मीटरचा रोध बराच कमी, म्हणून तो इथे कमी फसतो. मात्र दिवा लागला नाही म्हणजे वायरला हात लावायला हरकत नाही, असे मानू नये. टेस्ट लॅम्प आधी चालू सॉकेटवर, मग संशयित वायरवर आणि पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहायचा. मिस्त्री हे न चुकता करतात.

शेतातली तक्रार वेगळ्या प्रकारची असते. पाच हॉर्सपॉवरची बोअरची मोटर पाणी उचलत नव्हती. स्टार्टरवर मोटर बंद असताना तिन्ही फेजमध्ये आलटून पालटून मोजले: ४०४, ४०२, ४०१. शेतकरीदादा म्हणाले, “लाइट तर पूर्ण आहे.” मिस्त्री म्हणाले, “लोडवर बघू.” मोटर चालू केली आणि आकडे ३७८, ३७४, ३६५ झाले. करंट वाहत नसताना खराब जोडसुद्धा पूर्ण दाब दाखवतो. करंट वाहू लागला की जोडाचा रोध आपला वाटा खातो.

आता टाँग टेस्टर. त्याच्या जबड्यात एकच वायर घ्यायची असते. जाणारी आणि येणारी दोन्ही घेतल्या तर त्यांची चुंबकक्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि वाचन शून्य येते. करंट फार थोडा असेल तर वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्यावेत आणि वाचनाला दहाने भागावे. मोटरीच्या तीन वायरींवर १०.६, ९.४ आणि ८.१ अँपिअर आले. दाबातला फरक दोन टक्क्यांचा, करंटमधला साडेतेरा टक्क्यांचा. हे अपेक्षितच आहे. इंडक्शन मोटरीत दाबाचा असमतोल करंटमध्ये साधारण सहा ते दहा पट होऊन उमटतो. तापमानातली जादा वाढ त्या टक्क्याच्या वर्गाच्या दुपटीने धरतात: दोन टक्क्यांना आठ टक्के, चार टक्क्यांना बत्तीस. मोटरी हळूहळू जळतात त्या अशा.

जोड शोधायला मिस्त्रींनी पुन्हा मल्टिमीटरच घेतला. चालू मोटरीवर, एकाच वायरीवर, संशयित जोडाच्या अलीकडे एक टोक आणि पलीकडे दुसरे. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या जवळ हवा. किटकॅट फ्यूजच्या एका पकडीवर ९ व्होल्ट मिळाले. नऊ व्होल्ट आणि आठ अँपिअर म्हणजे ७० वॉटपेक्षा जास्त उष्णता, तीही बोटभर पितळेत. लाइन बंद केली, ती बंद असल्याची खात्री केली, पकड घासून घट्ट केली. नंतर तिन्ही करंट साडेनऊच्या आसपास आले आणि पाइपातून पाणी पडू लागले. अशी तपासणी करताना मुख्य लाइनसाठी योग्य फ्यूज आणि रेटिंग असलेलाच मीटर वापरावा, आणि प्रोब अँपिअरच्या खोबणीत राहिलेला नाही हे आधी पाहावे. या दोन सवयींवर हात आणि डोळे अवलंबून असतात.

दुकानात परतल्यावर ट्रू आरएमएस मीटर हर्ट्झवर ठेवला: ४९.९८. हा आकडा नेरडीगोंड्याचा, नाशिकचा आणि दिल्लीचा एकच असतो, पण नेहमीच तसे नव्हते. दक्षिणेचे ग्रिड पूर्वी वेगळ्या तालावर चालत होते. पाय न जुळणारे दोन बैल एका जुवाला लावता येत नाहीत, तसेच ताल न जुळणारी दोन ग्रिड थेट जोडता येत नाहीत. म्हणून १९९७-९८च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती इथे एसीची डीसी करून पलीकडे पुन्हा एसी करणारे केंद्र उभे राहिले आणि रामागुंडमची बाजू महाराष्ट्राशी जोडली गेली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि सगळ्या देशाची लाट एक झाली. ग्रिडच्या नियमांप्रमाणे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान राखायची असते. खेड्यातल्या दुकानात बसून एवढ्या मोठ्या यंत्रणेचा ठोका मोजता येतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

या सगळ्यातून एक काम प्रत्येक बोअरधारक शेतकऱ्याने सुरू करावे असे मला मनापासून वाटते. स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख घालून सहा आकडे लिहून घ्यावेत: मोटर चालू असतानाचे तीन दाब आणि तीन करंट. टाँग टेस्टर असलेल्या जाणत्या मिस्त्रीला हे दहा मिनिटांचे काम आहे. मोटर नवी असताना लिहिले तर उत्तम. पुढच्या हंगामात तेच आकडे पुन्हा घ्यावेत. एखाद्या फेजचा करंट वेगळा पडला तर वाइंडिंग जळण्याआधी जोड तपासता येतो. दाबच कमी येत असेल तर लाइनमनसमोर “लाइट डिम आहे” असे मोघम सांगावे लागत नाही. तारखेसह, लोडवर घेतलेला आकडा पुढे ठेवता येतो. रिवाइंडिंगचा खर्च आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्यात बुडालेले दिवस, दोन्ही या सहा आकड्यांनी वाचू शकतात.